शिंत्रेकाकांचा मिलिमीटर

शिंत्रेकाका कुणाकडेही गेले की आधी बेल वाजवत नाहीत. आधी ते ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या गाडीपाशी उकिडवे बसतात. शर्टाच्या खिशातून पेनएवढं पितळी गेज काढतात, त्याची सुई टायरच्या खाचेत घालतात, डोळे बारीक करून आकडा वाचतात आणि पुढच्या टायरकडे सरकतात. चारही टायर झाले की रुमालाने हात पुसतात, आणि मग बेल. दार उघडणाऱ्याला 'नमस्कार'च्या आधी 'तुमचा मागचा उजवा जास्त झिजतोय' हे ऐकायला मिळतं. झिजला तर झिजू दे, असं म्हणणाऱ्याची पुढची वीस मिनिटं उंबऱ्यातच जातात.

दोन हजार चार साली न्यूझीलंडमधल्या पापाकुराला आम्ही घर घेतलं तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सामान अजून खोक्यांत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेला एक पन्नाशीतला माणूस आमच्या गाडीच्या चाकाशी काहीतरी करत होता. मी नवऱ्याला हाक मारली, म्हटलं, निलेश, गाडी चोरतायत. निलेशने खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, चोर स्वेटर पँटीत खोचून येत नाही.

त्या गृहस्थांनी निलेशला नाव विचारलं नाही. दोन टायर कधी बदलले, एवढंच विचारलं. निलेश म्हणाला, झालं असेल अंदाजे वर्षभर.

"अंदाज नको," ते म्हणाले. "मिलिमीटरमध्ये बोला."

त्यांच्या मागे थोड्या अंतरावर एक बाई हातात उपम्याचा डबा घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याचे चार टायर होईपर्यंत थांबायची त्यांना सवय असावी. मग त्या पुढे आल्या तेव्हा लक्षात आलं की त्यांचा डावा पाय आखूड आहे. प्रत्येक पावलाला त्या डावीकडे झुकायच्या आणि एक हात कमरेवर ठेवायच्या. या सुधाकाकू. आमच्या कुंपणापलीकडचं घर यांचं, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं.

काका भोसरीच्या एका कारखान्यात गेज रूममध्ये होते. कारखान्यात बनलेला प्रत्येक सुटा भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, हे काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं. मुलीच्या शिक्षणासाठी पन्नाशीला टेकल्यावर न्यूझीलंडला आले. इथे प्रत्येक मुलाखतीत त्यांना इथल्या कामाचा अनुभव आहे का असं विचारलं गेलं, आणि आत्ताच विमानातून उतरलेल्या माणसाला तो कुठून असणार, हे कुणी विचारलं नाही. शेवटी मनुरेवातल्या एका टायरच्या वर्कशॉपचा मालक, सिओने नावाचा टोंगा बेटांवरचा आडदांड माणूस, याने काहीही न विचारता त्यांच्या हातात पाना दिला. तो काकांना 'मिस्टर मिली' म्हणतो. मुलगी शिकून वेलिंग्टनला नोकरीला लागली, काका वर्कशॉपमध्येच राहिले. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. तिथे भाग तपासायचो, इथे टायर तपासतो, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला वाटतं, वाईट वाटत असणार. पण ते मिलिमीटरमध्ये सांगता येत नसल्यामुळे ते बोलत नसावेत.

आमची गाडी जपानहून आलेली जुनी स्टेशन वॅगन होती आणि तिची चारही चाकं कायम इंजिनाला जोडलेली होती. आम्हाला ही चैन वाटली होती. काकांना ती जबाबदारी वाटत होती. एका रविवारी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर मला समजावायला बसले. त्यांनी स्टीलच्या मोठ्या डब्याचं झाकण आणि लहान डब्याचं झाकण शेजारीशेजारी उभं धरून टेबलभर फिरवलं. मोठं झाकण तीन वेळा फिरलं, तेवढ्याच अंतरात लहान चार वेळा. झिजलेला टायर म्हणजे लहान झाकण, नवा म्हणजे मोठं. दोघांना एकाच दांड्याला जोडलं आणि बरोबर चालायला सांगितलं, तर दोघांच्या मध्ये जो बसलाय त्याने काय करायचं? पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये गाडीच्या पोटात एक जोड असतो. तो हा फरक सोसतो. सोसतो, तापतो, सोसतो, आणि एक दिवस संपतो.

"चाकं दिसतात हो सगळ्यांना," काका म्हणाले. "मधल्याचं कुणी बघत नाही."

मी म्हटलं, मला तर गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं. ते मी गेल्या पाच वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "तुम्हाला नाही कळत. गाडीला कळतं." आमची सई तेव्हा सात वर्षांची होती. तिने झाकणं उचलून परत डब्यांवर लावली आणि मला इंग्रजीत विचारलं की या काकांना घरी टीव्ही नाहीये का.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तर काकांना आवरणं कुणालाच जमलेलं नाही. मनुरेवाच्या कम्युनिटी हॉलमध्ये आत टाळ-झांजा सुरू होतात आणि बाहेर पार्किंगमध्ये काका एकेका गाडीपाशी बसत पुढे जात असतात. नुसतं मोजून त्यांचं समाधान होत नाही. ते चिठ्ठी लिहून वायपरखाली अडकवतात. 'पु. डा. ३.१, मा. उ. ५.०. हे योग्य नव्हे.' प्रसाद घेऊन बाहेर आलेल्या माणसांना आधी वाटतं की दंडाची पावती आली. एका वर्षी हॉलशेजारच्या चर्चच्या पाद्रीबाबांच्या व्हॅनवरही एक चिठ्ठी गेली. ते बिचारे ती हातात धरून आत आले आणि ही प्रार्थना कोणत्या भाषेतली आहे असं अत्यंत आदराने विचारू लागले. काकांनी त्यांना ती अर्थासह समजावली. पुढच्या वर्षी व्हॅनचे चारही टायर एका मापाचे होते आणि पाद्रीबाबा मोदक खायला हजर होते. निलेश म्हणतो, काकांचा तो एकमेव शिष्य.

काकांचं गॅरेज ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे गाडी कधी आत जाऊच शकत नाही, कारण तीन भिंतींना फळ्या मारून त्यांनी जुने टायर लावून ठेवलेत. प्रत्येकावर खडूने मराठी आकड्यांत खाचेची खोली लिहिलेली. कुणाचा एखादा टायर फुटला की नवा आणू नका म्हणून त्यांचा फोन येतो, आणि उरलेल्या तिघांच्या मापाचा चौथा ते या फळ्यांवरून शोधून देतात. आमच्या ओळखीतल्या निम्म्या गाड्या असल्या जमवलेल्या टायरवर धावतात. एखादा मनासारखा मिळाला की काकांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद दिसतो.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी जे केलं ते करायला नको होतं.

झालं असं की ऑफिसमधून येताना मोटरवेवर मागचा डावा टायर गेला. बाजूनेच फाटला होता. त्या दिवशी सईचा शाळेत कार्यक्रम होता आणि मला उशीर झालाच होता. गाडी ओढून नेणाऱ्याने जवळच्या एका दुकानात सोडली, दुकानदाराने एक कोरा करकरीत टायर चढवला, मी निघाले. बाकीचे तिन्ही टायर चार मिलिमीटरवर आलेले आणि हा आठवर. मला ते आकडे माहीत होते. काकांच्या शेजारी राहून ते माहीत नसणं शक्यच नव्हतं. पण मी उद्या बघू म्हणाले, आणि उद्याचे दोन आठवडे झाले.

ते दोन आठवडे मी गाडी अशी लावत होते की मागची डावी बाजू कुंपणाला चिकटेल. काका मोजायला आले की मी पुढच्या दारानेच त्यांना चहाला आत ओढायचे. ऑफिसात एवढं राजकारण मी कधी केलं नव्हतं. आणि एका शनिवारी सकाळी मी ड्राइव्हवेतून गाडी वळवून बाहेर काढत होते तेव्हा काका आपल्या फाटकाशी उभे होते. त्यांनी टायर बघितला नाही. नुसता कान दिला आणि हात वर करून मला थांबवलं.

"गाडी कण्हतेय," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, आता व्याख्यान. पण काका रागावले नाहीत. ते चाकापाशी बसले, बोटाने नव्या रबराच्या कडा चाचपल्या आणि किती दिवस झाले ते विचारलं. मी दोन आठवडे म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. "चाललंय तोवर चालू दे, असं वाटलं ना?" एवढंच म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी बॉनेट उघडून आतल्या एका रिकाम्या खाचेत छोटा फ्यूज बसवला, म्हणजे मागच्या चाकांवरचं इंजिनाचं जोखड सुटलं, आणि किल्ली माझ्याकडून मागून घेतली.

त्यांच्या फळीवर त्या मापाचा जोडीदार नव्हता. म्हणून ते मला वर्कशॉपला घेऊन गेले. जुन्या टायरवर नवी नक्षी चढवायची तर आधी तो घासून घ्यावा लागतो. त्या कामाचं एक जुनं मशीन सिओनेकडे कोपऱ्यात होतं. काकांनी माझा कोरा टायर त्यावर चढवला आणि त्याचं चांगलं चार मिलिमीटर रबर भुग्यासारखं उडवून टाकलं. सिओने हाताची घडी घालून बघत होता. नवा टायर घासून जुना करणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो त्याच्याच पगारावर होता.

मग काकांनी मला डोळे मिटायला सांगितले. माझं बोट धरून आधी एका टायरवरून फिरवलं, मग दुसऱ्यावरून. पहिला खरखरीत होता आणि त्याच्या खाचांच्या कडा बोटाला टोचत होत्या. दुसरा मऊसर, कडा गोल झालेल्या. माप दोन्हींचं चार. पण पहिला मशीनवर घासलेला आणि दुसरा रस्त्यावर झिजलेला. काका म्हणाले, गेजला हा फरक कळत नाही, हाताला कळतो. गेज रूममध्ये कामगार कधीकधी मोठा भाग कानशीने घासून मापात बसवून आणायचे. आकडा बरोबर यायचा. पण त्यांनी नुसता अंगठा फिरवून असले भाग परत पाठवलेत. पंचवीस वर्षांत एकही सुटला नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

घरी आल्यावर मी हे काकूंना हसत हसत सांगितलं, आणि 'चालू दे' म्हटल्यावर काकांचा चेहरा कसा पडला तेही सांगितलं. काकू हसल्या नाहीत. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडता त्यांनी मला त्यांच्या पायाची गोष्ट सांगितली.

पुण्यात त्यांच्याकडे स्कूटर होती. मागचा टायर पार गोटा झाला होता. काकू दोनदा म्हणाल्या होत्या, बदला. काका दिवसभर दुसऱ्यांचे भाग मापात नाहीत म्हणून परत पाठवत होते आणि स्वतःच्या टायरला 'चालेल अजून महिनाभर' म्हणत होते. वळणावर वाळू होती. काकू मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. स्कूटर घसरली ती त्यांच्या डाव्या मांडीवर. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. काकांना खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून काकूंची कंबर दुखते, कारण दोन पायांतला फरक सगळा तिथे येतो.

"मधल्याला त्रास होतो म्हणतात ना हे," काकू म्हणाल्या, "ते गाडीचं सांगत नसतात गं नेहमी."

मग त्यांनी मला त्यांच्या चपला दाखवल्या. मी त्या रोज बघत होते, पण उलट्या करून कधी बघितल्या नव्हत्या. दोन्हींच्या तळाला टायरचं रबर होतं, एकाच टायरमधून कापलेलं, नक्षीसकट. डाव्या चपलेत मध्ये आणखी एक जाड थर होता. काकांनी तो आधी नऊ मिलिमीटर केला होता, मग दहा, मग साडेअकरा. कारण त्यांना बरोबर आकडा सापडत नव्हता. तो सापडला हे कळणार कसं, याचं त्यांचं साधं गणित होतं. काकू अजून उजव्या पायावर भार टाकून चालतात, म्हणून उजवा तळ जास्त झिजतो. ज्या दिवशी दोन्ही तळ सारखे झिजतील, त्या दिवशी दोन्ही पायांवर सारखा भार पडायला लागला, म्हणजे पाय बरोबर झाला. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका चपला उलट्या करून दोन्ही तळांच्या खाचा मोजायचे आणि वहीत लिहायचे. सात वर्षं ते लिहीत होते. सात वर्षांत दोन आकडे एकदाही जुळले नव्हते.

त्या दिवसापासून मला काकांची चेष्टा करणं जरा जड जायला लागलं. मंडळात कुणी 'आले मिलिमीटर' म्हणालं की मी दुसरीकडे बघायचे. पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला तो माणूस काय शोधतोय हे मला कळलं होतं, आणि ते कुणाच्याच गाडीत सापडणार नव्हतं.

पुढे काही महिन्यांनी एका कामाच्या दिवशी मी घरीच होते. दुपारी काकूंच्या मागच्या अंगणातून खर्र खर्र असा आवाज येत होता. कुंपणावरून बघितलं तर काकू मागच्या दाराच्या काँक्रीटच्या पायरीवर अवघडून वाकल्या होत्या आणि डाव्या हातात चप्पल धरून तिचा तळ पायरीच्या कडेवर घासत होत्या. मधूनच थांबून कंबर चोळत, पुन्हा घासत. मला वाटलं, काही चिकटलं असेल. मी विचारलं.

काकूंनी चप्पल पदराखाली घेतली. मग मीच आहे हे बघून बाहेर काढली. डावी होती, कमी झिजणारी.

त्यांनी जे सांगितलं ते मी जसं ऐकलं तसं लिहिते. "दर पहिल्या रविवारी आकडा चुकला की हे जेवत नाहीत. 'एक पूर्णांक दोनचा फरक' म्हणतात आणि गॅरेजमध्ये जाऊन बसतात त्या टायरांत. मी किती वर्षं सांगतेय, माझी काही तक्रार नाही, मी केव्हाच सोडून दिलंय. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. गेजवर आहे. मग गेजलाच सांगायला लावते."

एकदम घासलं तर संशय येईल, म्हणून त्या दर महिन्याला थोडंच घासत होत्या. एक पूर्णांक दोनचा फरक आता तीन दशांशावर आला होता. काका गेले चार महिने खुशीत होते, साडेअकराच्या थराने काम केलं म्हणत होते. येत्या रविवारी दोन्ही सारखे करायचे असं काकूंनी ठरवलं होतं. त्यासाठी त्या काकांच्या जुन्या गेजने स्वतः मोजतही होत्या.

"यांना सांगू नकोस हं," काकू म्हणाल्या.

मी नाही सांगणार म्हटलं. पण माझ्या बोटाला वर्कशॉपमधला तो खरखरीत टायर आठवत होता. काकू आकडा बरोबर आणतील, यात शंका नव्हती. पण काका नुसता आकडा बघणारे नव्हते. त्यांना एकदा कळलं की बायकोने खोटं माप तयार केलंय, तर सात वर्षांची आशा तर जाईलच, वर आपल्यासाठी ही कमरेत वाकून काय करतेय हेही कळेल. हे काकूंना सांगावं की नाही, याचा मी तीन दिवस विचार केला. सांगितलं नाही. सांगून करणार काय, इतकं घासलेलं रबर परत येणार नव्हतं.

रविवारी सकाळी मी उपम्याचा रिकामा डबा द्यायला म्हणून गेले. खरं तर मला घरी बसवेना. काका जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र पसरून बसले होते, त्यावर दोन्ही चपला उलट्या. चष्मा नाकावर, वही बाजूला. काकू आमच्याकडे पाठ करून शिरा परतत होत्या. रवा कधीचा भाजला गेला होता, तरी त्या परततच होत्या.

काकांनी उजव्या चपलेत सुई घातली. तीन ठिकाणी मोजलं, कारण ते एका ठिकाणच्या मापावर विश्वास ठेवत नाहीत. "चार पूर्णांक एक," म्हणाले आणि लिहिलं. मग डावी घेतली. तीन ठिकाणी मोजलं. पहिल्या ठिकाणी त्यांचा हात थांबला, दुसऱ्या ठिकाणी त्यांनी चष्मा वर सरकवला, तिसऱ्या ठिकाणी गेज खिडकीकडे धरून पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. एवढं मोठं काही मिळालं की माणूस आधी घाबरतो, तसं ते होतं.

आणि मग सवयीने त्यांनी अंगठा फिरवला.

अंगठा अर्ध्यावर थांबला. परत मागे आला. एका खाचेच्या कडेवरून हळूहळू पुढे गेला. काकांनी मान वर केली आणि काकूंच्या पाठीकडे बघितलं. काकूंचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा कढईत. पंचवीस वर्षांत ज्यांच्या अंगठ्याखालून एकही घासलेला भाग सुटला नव्हता, त्यांना कळलं होतं. मला त्यात तिळमात्र शंका नाही.

"सुधा," ते म्हणाले. "चार पूर्णांक एक. दोन्ही सारखे."

काकूंनी वळून बघितलं नाही. "बघा," एवढंच म्हणाल्या. "मी म्हणतच होते."

काकांनी वहीत आकडा लिहिला. त्यांच्या हाताने लिहिलेलं ते आयुष्यातलं पहिलं खोटं माप असेल. मग वही मिटली, चपला सुलट्या केल्या, वाकून काकूंच्या पायांजवळ नेऊन ठेवल्या आणि शिरा मागितला. दोनदा घेतला. मलाही बळेच वाढायला लावला. जाताना काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. आमची गाडी तिथेच उभी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं की आता हे प्रकरण संपलं. पण पुढच्या आठवड्यात काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली. मागच्या दाराशी, काँक्रीटच्या पायरीला लागून, एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलेलं होतं, नवं. त्याच्या शेजारी हाताच्या उंचीला भिंतीत विटेएवढा खरखरीत दगड पक्का बसवलेला.

"बघ ना," काकू म्हणाल्या. "यांनी शनिवारभर खपून केलं. म्हणे कुंड्यांसाठी स्टूल आणि कोयत्याला धार लावायला दगड. आमच्याकडे कोयता आहे कुठे? पण बरं झालं. मला आता वाकावं लागत नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या स्टुलावर बसल्या, पाय लांब केले आणि निवांतपणे डावी चप्पल हातात घेतली. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

ती जागा उताराची आहे. तिथे खुर्चीसुद्धा डुगडुगते, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खाली वाकून बघितलं. स्टुलाच्या चारही पायांना टायरच्या रबराचे तुकडे ठोकलेले होते, उताराकडच्या दोन पायांना जाड, वरच्या दोघांना पातळ. काकू वर बसून चप्पल घासत होत्या आणि स्टूल अजिबात हलत नव्हतं.